रक्कम कोणाच्या हाती? ऑनलाइन देवघेवीचे साधन निवडण्याचा धडा

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून देशाच्या चलनी नोटा छापल्या जात आहेत. त्याच नाशिकच्या मेन रोडवर, दूध बाजारात किंवा भद्रकालीत आज साडी, ड्रेस मटेरियल किंवा अस्तराचे कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईक बहुधा खिशात नोटा न घेताच येते. गल्ल्याशेजारी क्यूआरचा कागद लावलेला असतो. गिऱ्हाईक मोबाईल धरते, साउंड बॉक्समधून रकमेचा आकडा ऐकू येतो आणि व्यवहार पुरा होतो. छोट्या हातगाडीपासून घाऊक पेढीपर्यंत हीच रीत रूढ झाली आहे.

यामुळे व्यापारी बंधू आणि घरून साड्या विकणाऱ्या भगिनी आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारतात : कोणते अ‍ॅप चांगले? फोनपे घ्यावे, गुगल पे घ्यावे, पेटीएम घ्यावे की भीम? आमचे नम्र मत असे आहे की या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. पैसे पोहोचण्याचा वेग आता जवळजवळ सर्वच साधनांचा सारखा झाला आहे. खरा फरक दिसतो तो वाद उभा राहिल्यावर. माल कमी आला, डागी निघाला, पोहोचलाच नाही, किंवा आलेले पैसेच चोरीचे निघाले, तर त्या घटकेला रक्कम कोणाच्या हाती असेल? कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली आणि या धंद्याने आम्हाला हेच शिकवले की साधन निवडताना हा एकच प्रश्न आधी विचारावा. उत्तर मिळाले की अ‍ॅपचे नाव दुय्यम ठरते.

जुन्या बाजाराची रीत

साधने नवी असली तरी प्रश्न जुना आहे. सुरतेचा किंवा इचलकरंजीचा व्यापारी नवख्या पेढीला माल पाठवीत असे, तेव्हा बिल्टी सरळ तिच्या हाती देत नसे. बिल्टी आणि बिल हुंडीसोबत बँकेमार्फत येत. नाशिकच्या व्यापाऱ्याने बँकेत पैसे भरून हुंडी सोडवायची, मगच बिल्टी हाती येई आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामातून गाठ सुटे. विकणाऱ्याला पैशाची खात्री, घेणाऱ्याला माल निघाल्याची खात्री, आणि मध्ये बँक उभी. टपाल खात्याच्या व्ही.पी. पार्सलचे तत्त्वही तेच होते : पोस्टमनच्या हाती पैसे दिल्यावर पार्सल मिळे.

ओळखीच्या पेढ्यांमध्ये मात्र रोख किंवा चेक चाले. रोख दिली की विषय संपला. चेक म्हणजे वचन. ते पाळले गेले नाही तर १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ हाताशी असे, आणि ते आजही आहे. अरब व्यापारी सुफ्तजा वापरत, आपल्याकडचे सराफ हुंडी लिहीत. त्यामागेही हाच हेतू होता की नगद घेऊन वाट चालावी लागू नये आणि रक्कम कोणाच्या जबाबदारीवर आहे हे कागदावर राहावे.

म्हणजे देवघेवीच्या तीन जाती झाल्या. पहिली, रक्कम थेट दुसऱ्याच्या हाती जाते. दुसरी, रक्कम काही काळ मधल्याच्या हाती थांबते. तिसरी, रक्कम न मिळता केवळ मुदतीचे वचन मिळते. आजचे प्रत्येक ऑनलाइन साधन या तीनपैकी एका जातीत बसते.

पहिली जात : थेट जाणारी रक्कम

यूपीआय हे या जातीचे सर्वांत मोठे उदाहरण. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि डिसेंबरच्या अखेरीस भीम अ‍ॅप आले. यात पैसे एका बँक खात्यातून निघून दुसऱ्या बँक खात्यात पडतात. फोनपे, गुगल पे किंवा भीम हे केवळ दुकानाचे दरवाजे आहेत, तिजोरी बँकेत आहे. कोणत्याही अ‍ॅपने कोणत्याही कंपनीचा यूपीआय क्यूआर वाचता येतो. म्हणून गल्ल्यावर पाच कंपन्यांचे पाच क्यूआर चिकटवण्याची काहीच गरज नसते. खरी निवड करायची ती आपल्या बँकेची. कारण पैसे तेथे पडणार आहेत, आणि अडचण आली तर तेथल्याच शाखेत जाऊन बसायचे आहे.

एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस हे याच जातीचे, पण मोठ्या बिलांचे मार्ग. आरटीजीएस किमान २ लाख रुपयांपासून चालते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही सुरू असते. आयएमपीएसची मर्यादा साधारण ५ लाखांपर्यंत. यूपीआयने सर्वसाधारण व्यवहारात दिवसाला १ लाखापर्यंत रक्कम पाठवता येते. काही ठराविक कामांसाठी मर्यादा याहून जास्त आहे, तर काही बँका आपल्या खातेदारांना कमी मर्यादा घालतात.

या जातीचा गुण म्हणजे ती स्वस्त आणि झटपट आहे. दोष असा की गेलेली रक्कम समोरच्याच्या संमतीविना सहजासहजी परत येत नाही. रोखीसारखेच आहे हे. व्यवहार अर्धवट अडकला, म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराला पोहोचली नाही, तर ती गोष्ट वेगळी. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहाराची रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावी लागते, आणि उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई असते. पण आपण स्वखुशीने चुकीच्या माणसाला पाठवले, तर हा नियम कामी येत नाही.

दुसरी जात : मधल्याच्या हाती थांबणारी रक्कम

क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, पेमेंट गेटवे, आणि मोठ्या ऑनलाइन बाजारांतली विक्री या जातीत येते. गेटवे कंपनी ग्राहकाकडून रक्कम घेते, आपले शुल्क कापते आणि उरलेली एक-दोन दिवसांनी व्यापाऱ्याच्या खात्यात जमा करते. ऑनलाइन बाजारवाल्या कंपन्या तर माल पोहोचून परतीची मुदत संपेपर्यंत रक्कम रोखून ठेवतात. माल घरी पोहोचल्यावर पैसे देण्याची पद्धत, म्हणजे सीओडी, ही जुन्या व्ही.पी.चीच नवी बहीण आहे.

येथे ग्राहकाला संरक्षण जास्त असते. कार्डाने पैसे दिलेल्या ग्राहकाने माल मिळाला नाही अशी तक्रार केली, तर बँक दिलेली रक्कमही व्यापाऱ्याकडून परत मागू शकते. याला चार्जबॅक म्हणतात, आणि हा दावा विक्रीनंतर काही महिन्यांपर्यंत येऊ शकतो. व्यापाऱ्याजवळ बिल, कुरिअरची पावती आणि पोहोच असेल तर तो दावा लढवता येतो. कागद नसेल तर माल गेला आणि रक्कमही गेली.

गेटवे निवडताना पहिली तपासणी अशी की त्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे काय. परवानगी असलेल्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. अशा कंपनीला व्यापाऱ्यांची रक्कम बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. ती त्या कंपनीची मालमत्ता नसते, आपली अमानत असते. यादीत नाव नसलेल्या कंपनीने कितीही कमी दर सांगितला तरी तिच्याकडे आपले पैसे थांबू देऊ नयेत.

तिसरी जात : मुदतीचे वचन

यात चेक आणि उधारीची बिले आहेतच, पण 'आता घ्या, नंतर द्या' म्हणणारी अ‍ॅप आणि यूपीआयला जोडलेली क्रेडिटची सोयही याच जातीतली आहे. फरक इतकाच की येथे वचन दुकानदाराला न देता वित्त कंपनीला दिलेले असते. दुकानदाराला पैसे लगेच मिळतात आणि कर्ज ग्राहकाच्या किंवा खरेदीदाराच्या डोक्यावर राहते. मुदत चुकली की व्याज आणि दंड सुरू. आपल्या वाचकांपैकी जे व्याजापासून दूर राहतात, त्यांनी अ‍ॅपमधील 'मंजूर झालेली रक्कम' पाहून बटण दाबण्यापूर्वी अटी वाचाव्यात. शून्य व्याज म्हणून दिलेल्या सोयीतही विलंबाच्या आकाराची ओळ कोठेतरी लहान अक्षरांत असते. पुष्कळ वेळा अ‍ॅपमध्ये बँक खाते आणि क्रेडिट खाते शेजारी शेजारी दिसतात, आणि घाईत बोट दुसऱ्यावर पडते.

चेकला मात्र कोणी जुनापुराणा समजू नये. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसाच्या दिवशी वटण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. ज्या पेढीशी मुदतीचा व्यवहार आहे तिच्याकडून पुढील तारखेचा चेक घेण्याची रीत अजूनही उपयोगाची आहे.

खर्चाचा हिशोब

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला शुल्क नाही. साउंड बॉक्सचे मासिक भाडे असते तेवढेच. परंतु यूपीआयमध्येही ग्राहकाने वॉलेटमधून किंवा रुपे क्रेडिट कार्डावरून पैसे दिले आणि रक्कम २ हजारांच्या वर असेल, तर व्यापाऱ्याला आकार लागू शकतो. आपल्या सेवा कंपनीचे मासिक पत्रक काढून ही ओळ पाहावी.

क्रेडिट कार्ड आणि गेटवेचा दर ठरावाप्रमाणे बदलतो, पण शेकडा २ रुपयांच्या आसपास धरून चालावे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शेकडा २ रुपये ३६ पैसे. आता हिशोब करा. १० हजारांच्या घाऊक बिलावर ५ टक्के नफा असेल तर हाती ५०० रुपये येतात. त्यातले २३६ गेटवेने घेतले तर नफा जवळजवळ निम्मा झाला. किरकोळ विक्रीत २५ टक्के नफा असेल तर हेच २३६ रुपये २,५०० मधून जातात आणि सोसवतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याला या जीएसटीची वजावट मिळते, कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

तात्पर्य असे की घाऊक बिल थेट मार्गाने आणि दूरची किरकोळ विक्री गेटवेने. हा सर्वसाधारण नियम धरावा. आता प्रसंगवार पाहू.

गल्ल्यावरची विक्री

गिऱ्हाईक समोर, माल समोर. वाद झाला तर तो तेथल्या तेथे मिटतो. येथे यूपीआयहून सोयीचे साधन नाही. पण क्यूआर दुकानाच्या नावाचा, चालू खात्याला जोडलेला आणि व्यापारी म्हणून नोंदवलेला घ्यावा. मुलाच्या किंवा नोकराच्या खासगी खात्याचा क्यूआर गल्ल्यावर कदापि लावू नये.

गिऱ्हाइकाने दाखवलेला फोटो किंवा हिरवी खूण म्हणजे पावती नव्हे. अशी खूण दाखवणारी नकली अ‍ॅप निघाली आहेत. साउंड बॉक्सचा आवाज किंवा आपल्या खात्यातील जमा नोंद यावरच विश्वास ठेवावा. रोज सकाळी दुकान उघडताना बाहेर लावलेला क्यूआर तपासावा. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे रात्रीतून अनेक दुकानांच्या क्यूआरवर दुसरेच क्यूआर चिकटवले गेले होते, आणि गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच खात्यात गेले.

दूरच्या ग्राहकाला विक्री

येवल्याच्या पैठणीला २०१० च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मोबाईलने तिला दूरचे गिऱ्हाईक दिले. फोटो पाठवून पुण्याच्या, हैदराबादच्या ग्राहकाला पैठणी विकणारी घरे आज येवल्यात आहेत. नाशिकमध्ये भगिनी घरून सूट, दुपट्टे, बुरख्याचे कापड विकतात. येथे दोघेही एकमेकांना अनोळखी असतात. ग्राहकाला भीती की पैसे घेऊन माल पाठवणार नाहीत, आणि विकणाऱ्याला भीती की माल घेऊन पैसे देणार नाहीत.

पाचशे-हजाराच्या मालासाठी आधी यूपीआय घेणे ठीक, ग्राहकही तेवढा धोका पत्करतो. पण २० हजारांची पैठणी असेल तर गेटवेची पेमेंट लिंक पाठवावी. शेकडा दोन-अडीच रुपये जातात, पण ग्राहकाला कार्डाचे संरक्षण मिळते, म्हणून तो निर्धास्तपणे मागणी नोंदवतो. विकणाऱ्याने आपला बचाव म्हणून साडी पॅक करतानाचे चित्रीकरण, वजनासह कुरिअरची पावती आणि पोहोचल्याची सही जपून ठेवावी. सीओडीने विक्री वाढते, परंतु परत येणाऱ्या पार्सलचे दोन्हीकडचे भाडे विकणाऱ्याच्या माथी बसते. भारी मालाला सीओडी द्यायचीच असेल तर चौथा हिस्सा आधी घ्यावा.

सुरत, भिवंडीहून खरेदी

ओळखीच्या पेढीला आरटीजीएस किंवा एनईएफटी करावे आणि यूटीआर क्रमांक बिलावर लिहावा. नवखी पेढी असेल तर पूर्ण रक्कम आधी पाठवू नये. तिचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. नाव, पत्ता आणि बँक खाते एकाच नावाचे आहे काय ते पाहावे. बँका खाते क्रमांकावरच रक्कम जमा करतात, नावाची चूक पकडली जाईल असे समजू नये. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दिसण्याची सोय बँकांनी द्यावयाची आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

पहिल्या दोन-तीन व्यवहारांत नमुन्याइतका माल घ्यावा किंवा बिल्टी बँकेमार्फत मागवावी. जुनी रीत अजून बंद झालेली नाही. पेढीने फोन करून 'शेठ, आमचा खाते क्रमांक बदलला आहे, आजपासून नव्यात टाका' असे सांगितले, तर आपल्याजवळ असलेल्या जुन्या नंबरवर उलट फोन करून खात्री करावी. नव्या नंबरवर विचारले तर उत्तर ठगच देणार.

मालेगावच्या मागवाल्याचे देणे

आपल्या जिल्ह्यातले मालेगाव यंत्रमागावर चालते. ग्रे कापडाचा व्यवहार पुष्कळदा दलालामार्फत आणि मुदतीवर होतो. येथे प्रश्न उलटा आहे. रक्कम व्यापाऱ्याच्या हाती अडकून राहते, आणि तिकडे मागवाल्याला दर आठवड्याला कारागिरांचा पगार आणि वरून विजेचे बिल द्यायचे असते. माल आपल्या गोदामात आलेला आहे, म्हणजे आपला धोका संपलेला आहे. अशा वेळी सर्वांत वेगवान साधन वापरणे हेच सचोटीचे. बँक बंद होती ही सबब आरटीजीएस अहोरात्र झाल्यापासून उरलेली नाही.

कायदाही हेच सांगतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत ओलांडून वर्षअखेर थकलेले देणे त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी दिले त्याच वर्षी धरले जाते. हा नियम उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला लागू आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. देण्याची तारीख सिद्ध करायला बँकेच्या नोंदीसारखा साक्षीदार नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही सूरह बकराची शिकवण आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

दलाली वेगळी, मालाची रक्कम वेगळी पाठवावी. मालाचे पैसे दलालाच्या खात्यात टाकले आणि ते पुढे पोहोचले नाहीत, तर मागवाला आपल्याच दारी तगादा लावील, आणि त्याचे चुकणार नाही.

आखातातील ग्राहक

दुबई, जेद्दा, मस्कत येथे असलेले आपले नातलग आणि त्यांचे शेजारी येथून कपडे मागवतात. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा बंद केली, परदेशी ग्राहकाकडून रक्कम घेण्याची सोय ठेवली. तिचे शुल्क शेकडा चारच्या वर जाते आणि चलन बदलातही काही कापले जाते, म्हणून किंमत ठरवताना ते धरावे. मोठ्या मागणीला सरळ बँकेमार्फत रक्कम मागवणे स्वस्त पडते. बँक पैसे कशासाठी आले ते विचारते, तेव्हा निर्यातीचे कारण नोंदवून दाखला घ्यावा.

हवाला हा मूळ शब्द एकाचे देणे दुसऱ्यावर सोपवण्याचा जुना आणि सन्मान्य शब्द आहे. पण आज त्या नावाने परदेशातून रोख रक्कम पोहोचवणे हा विदेशी चलन कायद्याचा भंग ठरतो. दर दोन पैसे चांगला मिळतो म्हणून त्या वाटेने जाऊ नये.

खाते गोठण्याचे संकट

आता सर्वांत गंभीर बाब. समजा, कोणी ठगाने परगावच्या माणसाला फसवून ५० हजार उकळले आणि त्याच पैशांतून आपल्या दुकानात १५ हजारांचे कापड घेतले. फसलेल्या माणसाने तक्रार केली की पोलीस रकमेचा माग काढतात, आणि तो आपल्या खात्यापर्यंत येतो. बँक ती रक्कम, क्वचित पूर्ण खातेच, गोठवते. आपण माल दिला, आपला दोष काही नाही, तरीही पगार, भाडे, सुरतेचे देणे सारे अडते. लहान व्यापाऱ्याचे सारे भांडवल एकाच खात्यात असेल तर दुकान बसायला आठ दिवस पुरतात.

यावर उपाय आधीच करून ठेवायचा असतो. गल्ल्याचे खाते वेगळे, भांडवलाचे वेगळे आणि घरखर्चाचे वेगळे ठेवावे. गल्ल्याच्या खात्यातून ठराविक दिवशी रक्कम भांडवलाच्या खात्यात हलवावी. मोठ्या खरेदीवर ग्राहकाचे नाव आणि मोबाईल क्रमांक बिलावर घ्यावा. कोणी फोन करून म्हणाले, 'भाईजान, चुकून तुमच्याकडे जास्त पैसे आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा', तर दुसऱ्या नंबरवर काहीही पाठवू नये. आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि रक्कम ज्या खात्यातून आली त्यातच परत जाऊ द्यावी. खाते गोठलेच तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी घ्यावे आणि बिल, बिल्टी, मागणीचे संदेश जोडून तेथे अर्ज करावा. फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खाते मोकळे करण्याची विनंती करावी.

आपणच फसलो तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येते ती पहिल्या काही तासांतच. एक गोष्ट घरातल्या सर्वांना पाठ करून द्यावी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. सैन्यातला अधिकारी असल्याचे सांगून घाऊक मागणी देणारा आणि 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा माणूस ठग असतो.

कर आणि नोंद

ऑनलाइन घेतले तर कर लागेल, म्हणून रोखच बरी, असे पुष्कळ जण म्हणतात. कर विक्रीवर आणि नफ्यावर लागतो, साधनावर लागत नाही. उलट, अंदाजे नफ्याच्या आयकर योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो, तर बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेताही येत नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात विक्रीकर खात्याने यूपीआयची जमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळूरच्या दुकानांत 'यूपीआय नाही' अशा पाट्या लागल्या. ज्यांच्या एकाच खात्यात विक्री, भावाने पाठवलेले पैसे आणि भिशीची रक्कम असे सारे मिसळले होते, त्यांना खुलासा करणे कठीण गेले. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सीमा वर्षाला ४० लाखांची आहे. आपली विक्री तिच्या आत असल्याचे दाखवायचे असेल तर वेगळे खाते आणि रोजकीर्द हाच पुरावा.

एकाच दरवाजावर भिस्त नको

५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यामार्फत चालणारे फोनपे जवळपास दिवसभर ठप्प झाले. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नवी जमा घेण्यास मनाई करणारा आदेश काढला, तो १५ मार्च २०२४ नंतर लागू झाला. पेटीएम अ‍ॅप दुसऱ्या बँकांच्या साहाय्याने चालू राहिले, पण ज्या दुकानदारांची जमा त्या पेमेंट्स बँकेत होत असे त्यांना धावपळ करून खाते बदलावे लागले. म्हणून दोन वेगवेगळ्या बँकांत खाती आणि दोन अ‍ॅप तयार ठेवावीत. सेवेबद्दल तक्रार असेल तर प्रथम बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

सारांश

समोरासमोरच्या विक्रीला यूपीआय. दूरच्या भारी विक्रीला गेटवे, सोबत पक्के कागद. ओळखीच्या पेढीला आरटीजीएस, अनोळखी पेढीला थोडी रक्कम किंवा बँकेमार्फत बिल्टी. ज्याचा माल आपल्या गोदामात आला त्याला मुदतीच्या आत थेट त्याच्याच खात्यात. परदेशी रक्कम बँकेच्या वाटेने. गल्ला, भांडवल आणि घर यांची खाती अलग.

यातले काहीच अवघड नाही. मोबाईलमध्ये अ‍ॅप घ्यायला पाच मिनिटे लागतात, खाती वेगळी करायला एक सकाळ लागते. येत्या आठवड्यात व्यापारी बंधू-भगिनींनी एक सकाळ त्यासाठी काढावी. बँकेत जाताना जीएसटीचा दाखला किंवा उद्यम नोंदणी, पॅन आणि दुकानाचा परवाना सोबत न्यावा.